तेंदूचं पान, पुस्तकाचं पान

'लोक आता वाचत नाहीत' असं जो म्हणतो त्याला एकदा धरून १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आणलं पायजे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी आमच्या चांद्यात येऊन लोकांना दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागड्यांनी ते घडवून आणलं. तेव्हापासून दरसाल माणसं येतात. आणि येणारा माणूस परत जाताना काय नेतो? देवळाच्या जत्रेतून नेतात तसा प्रसाद इथं नाही, नवसाची चुनरी नाही. पुस्तक नेतो. पदराच्या गाठीतली नोट सोडून दहा-वीस रुपयांची पुस्तिका घेणारी म्हातारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिला अक्षर येत नव्हतं. मी विचारलं, 'आजी, वाचता येते का?' तर म्हणाली, 'मले नाई येत. नातीले येते ना बाबू. ते वाचंल, मी आयकंन.'

हा वाचक तुमच्या खपाच्या कोष्टकात कुठं बसतो, सांगा. एक पुस्तक, एक गिऱ्हाईक, एक वाचक असा हिशेब प्रकाशनवाल्यांचा. आमच्या वस्तीत एका पुस्तकाला एक वाचणारी असते आणि बारा ऐकणारे असतात. त्या बारांची मोजदाद कोणी करत नाही आणि वर ओरड चालू, की वाचनसंस्कृती मेली! कुणाची मेली, ते बोला. आमची तर अजून नीट जन्मायची आहे.

अखिल भारतीय साहित्य संमेलन चंद्रपूरला दोनदा येऊन गेलं. १९७९ ला वामन चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ ला वसंत आबाजी डहाके. माणसं चांगलीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण संमेलनाचा मांडव उठला की पुस्तकांचे ट्रकही उठतात आणि पुण्या-मुंबईच्या रस्त्याला लागतात. मागं राहतो तो आमचा जिल्हा. कोळशाचा, सिमेंटचा, विजेचा, जंगलाचा. त्याच्याकडून सगळं न्यायचं, त्याला पुस्तक तेवढं नेऊन द्यायचं नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल.

माझं वाचन कवितेपासून सुरू झालं नाही. तेंदूपानाच्या फळीवरून सुरू झालं. मे महिन्यात आई पहाटे चारला जंगलात जायची. ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, मग घरभर बसून पुडके बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडका. संध्याकाळी फळीवर नेऊन टाकायचे. तिथं मुन्शी वही घेऊन बसलेला. आईनं शंभर पुडके टाकले तर वहीत नव्वद पडायचे. कारण विचारलं की 'पान फाटकं हाये, काळं हाये'. मी चौथीत होतो. एक दिवस आई मला फळीवर घेऊन गेली, पाठीमागं उभं केलं आणि म्हणाली, 'वाच, काय लिवते तो.' मी मोठ्यानं वाचलं, 'नव्वद.' आई म्हणाली, 'शंभर हाये.' मुन्शीनं माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि नव्वदवर काट मारून शंभर लिहिलं.

दोस्तहो, समीक्षेची जाडजूड पुस्तकं मी पुढं पुष्कळ वाचली. 'साहित्याचे प्रयोजन' नावाची प्रकरणं वाचली. पण वाचनाचं प्रयोजन मला त्या दिवशी दहा पुडक्यांत कळलं. त्यानंतर कोणी सौंदर्यशास्त्र सांगायला लागलं की मला आधी ती वही दिसते.

मग चंद्रपुरात शिकायला आलो आणि गोल बाजारात रद्दीचा नाद लागला. किलोनं पुस्तकं. तिथंच मला मुखपृष्ठ फाटलेला 'अस्मितादर्श'चा जुना अंक मिळाला. तिथंच 'बलुतं' मिळालं, कुणाचं तरी नाव खोडलेलं. नवीन पुस्तक घ्यायची ऐपत नव्हती म्हणून जुनं घेत गेलो आणि बघता बघता पुस्तकवेडा झालो. खोलीत माणसाला झोपायला जागा नाही, पण पुस्तकाला आहे. मित्र आले की त्यांच्यासमोर पुस्तकं मांडायची, नावं घ्यायची, ऐट मिरवायची. आई एकदा खोलीवर आली. भिंतीला लागलेली चळत पाहिली आणि विचारलं, 'इतके पुस्तकं वाचले तू?' मी म्हटलं, 'बहुतेक.' तर म्हणे, 'मंग कोनाले सांगतलं का?'

मी गप्प. कुणालाच सांगितलं नव्हतं. सावकारानं धान्य कोठारात कोंबावं तसं मी वाचन कोंबून ठेवलं होतं. फळीवर मोठ्यानं वाचणारा पोरगा मुक्यानं वाचणारा बाबू झाला होता.

त्या रात्री मी आईला बेबीताई कांबळे वाचून दाखवायला घेतल्या. 'जिणं आमुचं'. फलटणची ही बाई किराणा दुकान चालवायची, सामान बांधायला आलेल्या रद्दी वर्तमानपत्रांवर डोळे फिरवून वाचन वाढवायची आणि घरच्यांपासून लपवून लिहायची. लिहिलेलं कैक वर्षं लपून राहिलं. पुढं ते 'स्त्री' मासिकातून आलं आणि १९८६ ला पुस्तक झालं. मला वाटलं होतं, आई ऐकून रडेल. आई रडली नाही. ती भांडली. 'आमच्या इकडं असं नव्हतं,' म्हणाली. मग आमच्या इकडं कसं होतं ते दोन तास सांगत बसली. मोहाच्या दिवसांत घरात काय शिजायचं, लग्नात कोणतं गाणं कोण म्हणायचं, बाळंतिणीला कुठं निजवायचे, दीक्षेनंतर घरातले देव काढले तेव्हा आजीनं काय केलं. मी पुस्तक मिटून ऐकत होतो. यातलं एक अक्षर मी कुठं वाचलेलं नव्हतं. कारण कुणी लिहिलंच नव्हतं. पुस्तक ऐकून माणूस रडला तर लेखकाचं नाव होतं. पण पुस्तक ऐकून माणूस भांडला, 'माझं वेगळं आहे' म्हणाला, तर दुसरं पुस्तक जन्माला येतं. आपल्याला ही भांडणारी माणसं पायजेत.

आता कागदाकडं येऊ.

बल्लारपूरची पेपर मिल कुणाला माहीत नाही! १९४५ साली स्थापन झालेली कंपनी. वर्धा नदीचं पाणी आणि चांद्याच्या जंगलातला बांबू. मराठीतल्या किती कथा-कादंबऱ्या आणि शाळेच्या किती वह्या या बांबूवर उभ्या राहिल्या असतील, विचार करा. बांबू तोडणारा कोण? गोंड, माडिया, आमच्या वस्तीतला माणूस. ऐंशीच्या दशकात याच बांबूच्या आणि तेंदूच्या मजुरीवरून गडचिरोलीचं जंगल पेटलं होतं. ज्यानं बांबू तोडला त्याच्या घरी त्या कागदाचं काय परत आलं? फार तर पोराच्या शाळेची वही, नाहीतर समन्स. आपल्या जंगलाचा कागद झाला, आणि त्या कागदावर आपल्याबद्दल लिहिलं दुसऱ्यांनीच. कधी 'भोळे आदिवासी', कधी 'मागासलेला भाग', कधी 'नक्षलग्रस्त'. ग्रस्त! जणू जिल्ह्याला खरूज झाली आहे.

आणि आपण लिहायला बसलो की म्हणतात भाषा अशुद्ध आहे. झाडीबोलीत लिहिलं की 'ग्रामीण रंग'. त्याच झाडीत दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकं चालतात. वडसा हे त्याचं ठाणं. माणूस दिवसभर धान कापतो आणि तिकीट काढून रात्रभर थंडीत मांडवात बसतो. पहाटेपर्यंत बसतो. ही माणसं शब्दाला भुकेली नाहीत असं म्हणायची कुणाची छाती आहे? भुकेली आहेत. तुमचा शब्द त्यांच्यापर्यंत गेलेला नाही, एवढंच.

प्रकाशनाचा धंदा आपल्याशी कसा वागला, याचा इतिहास आपण पाठ करून ठेवला पायजे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून निघाला. 'केसरी'नं पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नाही. पुढं 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहायचे. १९३६ ला लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं बोलावलं, भाषण वाचून घाबरलं आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. पंधराशे प्रती. दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं, की आठ आणे किंमत जास्त आहे, दोन आणे ठेवा, निदान चार आणे! जातीचा उच्छेद करायचं राहू द्या, आधी पुस्तकाची किंमत उतरवा.

१९५६ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा इंग्रजी ग्रंथ तयार होता, छपाईचा खर्च मोठा होता. बुद्धजयंतीच्या वर्षात सरकारनं पाचेकशे प्रती घ्याव्यात, एवढीच विनंती. उत्तर आलं, त्यासाठी ठेवलेला पैसा संपला आहे. बुद्धजयंतीला दिल्लीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी तो विक्रीला ठेवता येईल, असंही सुचवलं. बाबासाहेब गेले आणि पुस्तक १९५७ ला आलं. आज तोच ग्रंथ दरसाल दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर स्टॉलवरच विकला जातो. सरकारला पाचशे जड झाले, लोकांनी किती घेतले याची गणती नाही.

राज्य सरकारनं १९७९ ला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला. आमच्या नागपूरच्या वसंत मून यांनी त्यासाठी हाडं झिजवली. त्या खंडांसाठी लोक रांगेत उभे राहतात. आणि त्याच खंडांची छपाई इतकी रखडली, की २०२१ मध्ये वर्तमानपत्रातली बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मागणी आहे, छापखाना आहे, पुस्तक नाही. म्हणे वाचक नाही!

पण दुसऱ्यांना शिव्या घालून आपलं अंग झाकत नाही. आपल्याकडं काय चाललंय तेही मी बोलणार.

प्राध्यापक झालेले आपले दोस्त आता पुस्तकं वाचकासाठी काढत नाहीत, बढतीच्या गुणांसाठी काढतात. पैसे भरायचे, आयएसबीएन क्रमांक घ्यायचा, शंभरेक प्रती छापायच्या, पाच-दहा कचेरीत जमा करायच्या. उरलेल्या पलंगाखाली. मलाही एका प्रकाशनवाल्यानं विचारलं होतं. 'कविता चांगल्या आहेत, पण खर्च तुमचा.' मी विचारलं, विकणार कुठं? तो म्हणाला, 'विकायचं कशाला, प्रकाशन समारंभ करू ना.' शाल, नारळ, फोटो, भाषणं आणि पुस्तकाचा अंत्यविधी. मी वही उचलून परत आलो. राग आला नाही असं नाही, पण त्यापेक्षा लाज जास्त वाटली, कारण अर्धं मन तयार झालं होतं.

दुसरं. खंड घरात आहेत, बाबासाहेबांच्या फोटोखाली ओळीनं लावलेले. वरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही. १४ एप्रिलला त्यांनाही हार. अरे, ज्या माणसानं दादरला घर बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, त्याची पुस्तकं आपण देव्हाऱ्यात बसवतो?

तिसरं, पीडीएफ. व्हॉट्सॲपवर रोज पुस्तकं येतात, मोबाईल भरतो, डोकं रिकामंच. मी पीडीएफच्या विरोधात नाही. सिरोंच्याच्या किंवा भामरागडच्या पोराला जवळ दुकान नाही, बाजारात मिळत नसलेलं पुस्तक त्याला असंच मिळणार. मिळू दे. पण जो छोटा प्रकाशक आपली पुस्तकं पदरचे पैसे घालून काढतो, त्याचं चालू पुस्तक चोरून वाटणं म्हणजे आपल्याच विहिरीत दगड टाकणं. पुण्यात विलास वाघांनी सुगावा प्रकाशन चालवलं. २०२१ ला ते गेले. अशी माणसं फुकटच्या वाहवावर जगत नसतात. ज्याची ऐपत आहे त्यानं विकत घ्यावं, ज्याची नाही त्याला वाचून दाखवावं. हा साधा न्याय आहे.

आता पुस्तकाची ताकद किती, हे ज्याला अजून कळलं नसेल त्यानं पोलिसांना विचारावं. त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. ऑक्टोबर २००७ मध्ये याच चंद्रपूरच्या दीक्षाभूमीच्या मेळाव्यात दिल्लीच्या दानिश बुक्सचा स्टॉल लागला होता. पोलिसांनी झडती घेतली, पुस्तकं उचलली, स्टॉल चालवणाऱ्या बाईंची चौकशी केली. उचललेल्यांत भगतसिंगावरची पुस्तकंही होती. इंग्रजांनी फासावर चढवलेला माणूस शहात्तर वर्षांनी पुस्तकाच्या स्टॉलवर पुन्हा संशयित! जानेवारी २०११ मध्ये 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना वर्ध्याला अटक झाली. साहित्य संमेलनातून परत निघाले होते. घरातली पुस्तकं पुरावा म्हणून नेली. तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंग, मग २०१४ ला गोंदियाच्या न्यायालयानं निर्दोष सोडलं. २०१८ ला पुन्हा अटक, जामीन २०२५ ला. आपण पुस्तक न वाचता कपाटात ठेवतो, आणि ते मात्र पुस्तक पुराव्याच्या पोत्यात बांधतात. त्यांच्या लेखी पुस्तक अजून जिवंत आहे. आपल्या लेखी आहे का?

शेवटी गडचिरोलीच्या एका गावाचं सांगतो आणि संपवतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा, लेखा गावाजवळचं. गोंडांचं गाव. तिथं अभ्यासगट बसतो. आठ-दहा माणसं गोल करून बसतात, विषय घेतात, वाचतात, वाद घालतात, घाई करत नाहीत. १९२७ च्या वन कायद्याचा आधार घेऊन सरकार म्हणायचं, बांबू म्हणजे झाड, म्हणजे आमचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजाच्या व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे गावाचा ठरला. एका शब्दाचा अर्थ कोण लावणार, एवढाच झगडा होता. २००९ ला मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना मिळेना. गाव हटलं नाही. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले.

दोस्तहो, मला विचाराल तर आपल्या दोन जिल्ह्यांतला सगळ्यात मोठा प्रकाशन समारंभ तो. पुस्तकात कविता नव्हती, प्रस्तावना नव्हती. कोऱ्या पावत्या होत्या. पण त्या गावानं लिहायच्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या मुन्शीची वही होती, आता वही आपली झाली. शंभरचे शंभर लिहायचा हक्क. माझ्या आईनं फळीवर जे दहा पुडक्यांसाठी केलं, ते मेंढ्यानं अख्ख्या जंगलासाठी केलं. दोघांनीही मोठ्यानं वाचलं आणि एकट्यानं वाचलं नाही.

म्हणून या अंकापासून आपण काही गोष्टी ठरवतो आहोत. ज्यांना पटत नाही त्यांनी भांडायला यावं, चहा आपला.

एक. हा अंक कोणी एकट्यानं वाचून कपाटात ठेवायचा नाही. प्रत्येक वस्तीत महिन्यातून एका संध्याकाळी तो मोठ्यानं वाचायचा. विहार आहे, समाजमंदिर आहे, नाहीतर हातपंपाजवळचा ओटा आहे.

दोन. ऐकणाऱ्यांपैकी जो 'आमच्या इकडं असं नव्हतं' म्हणेल, त्याचं म्हणणं तिथल्या तिथं लिहून घ्यायचं, त्याच्या बोलीत, त्याच्या शब्दांत. पुढच्या अंकाची निम्मी पानं त्याची. बाया आधी. गोंडीत सांगितलं तर देवनागरीत गोंडीच छापू, खाली मराठीत अर्थ देऊ. शुद्ध करून घेणार नाही.

तीन. आम्ही आयएसबीएन घेणार नाही, पैसे घेऊन कुणाला छापणार नाही आणि प्रकाशनाला पाहुणा बोलावणार नाही. पहिली प्रत त्या माणसाच्या हाती, ज्याचं सांगणं पहिल्यांदा छापून आलं.

चार. माझी स्वतःची पुस्तकं. चळत मोडली आहे. पेट्यांत भरून तीन वस्त्यांत वाटली. वही ठेवली आहे, कोण नेतो, कोण आणतो. काही परत येणार नाहीत, मला माहीत आहे. पहिल्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. 'बलुतं'ची ती नाव खोडलेली प्रत गेली तेव्हा काळीज हललं. पण परवा एक पोरगी ती घेऊन आली. नववीतली. पुस्तकाचा कोपरा तेलकट झालेला, मध्ये तेंदूचं वाळकं पान खुणेला घातलेलं. मी म्हटलं, 'झालं का वाचून?' ती म्हणाली, 'नाई. घरी सगळे आयकते ना, मनून हळू होते. आनखी आठ दिवस ठेवतो.'

ठेव म्हटलं, बाई. महिनाभर ठेव.

जय भीम!